अंबाड्याचा आकडा सुटू नये म्हणून: तार, वळण आणि फुलाचं वजन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पितळी तारेचे यू आकाराचे आकडे करता. तार १८ गेजची, पाय ५ सेंटिमीटरचे, वर १४ ग्रॅमचं जर्मन सिल्व्हरचं फूल. लग्नघरात सकाळी लावलेला आकडा जेवणं होईपर्यंत खाली लोंबायला लागतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. पाय लांब करू, तार जाड घेऊ, की पायांना रबर चढवू, असं तुम्ही विचारलंय. नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीत आमचं वर्षानुवर्षं केसांच्या दागिन्यांचंच काम आहे, आणि दुरुस्तीला येणाऱ्या आकड्यांत हेच दुखणं सगळ्यांत जास्त दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रबर आधी डोक्यातून काढून टाका. तेल लागलं की ते फुगतं, चिकट होतं, आणि आकडा काढताना केस घेऊन बाहेर येतं. पाय लांब करणं आणि तार जाड घेणं यांत थोडं तथ्य आहे, पण तुमचा दोष मुळात दोन ठिकाणी आहे. फूल झाळताना, म्हणजे सोल्डरने जोडताना, तारेची स्प्रिंग निघून गेलीय, आणि फुलाचं वजन डोक्यापासून लांब लटकतंय.

त्याआधी आकडा केसांत टिकतो कसा ते पाहू. आकडा केसांना चिमटीत धरतो असं बहुतेकांना वाटतं, म्हणून जो तो पकड घट्ट करायच्या मागे लागतो. काळ्या चापाचं काम तसं चालतं हे खरं, पण अंबाड्याच्या आकड्याचं तसं नाही. अंबाडा घालताना केसांना जो पीळ बसतो तो सतत उलगडू पाहत असतो. आकडा अंबाड्याच्या कडेचे केस घेतो, त्यांच्याखालून डोक्यालगतच्या ताणलेल्या केसांचा पातळ थर उचलतो आणि परत अंबाड्यात शिरतो. पीळ उलगडायला जोर लावतो तेव्हा तो जोर आकड्याच्या पायांवर दाबून बसतो. आकड्याला जागेवर धरणारी ताकद केसांचीच असते. आपलं काम एवढंच की तो दाब झेलून पाय वाकू नयेत, आणि दाबलेला केस तारेवरून घसरू नये.

घसरण्याचा भाग आधी घेऊ. एक लांब केस अंगठा आणि तर्जनीत धरा आणि लांबीच्या दिशेने पुढे-मागे चोळा. केस आपोआप एकाच बाजूला सरकत जातो, मुळाच्या बाजूला. केसावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे असतात. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे काहीही सहज घसरतं, उलट दिशेने अडखळतं. म्हणून आकडा केसांच्या लांबीच्या दिशेने खोवला की तो टोकाकडे ओघळतोच. केसांना आडवा गेला, आणि केस त्याच्या एका पायावरून व दुसऱ्या पायाखालून गेला, की मग वळसा पडतो. बैलाचा दोर खुंट्याला एक वेढा दिला की पोरगंसुद्धा धरून ठेवू शकतं. तोच हिशेब इथे लागू होतो. घर्षणांक ०.२५ धरला तर अर्ध्या वेढ्याने धरायची ताकद दुपटीहून थोडी वाढते, पूर्ण वेढ्याने जवळपास पावणेपाच पट होते. वेढा वाढवायला तारेवर खरखर लागत नाही, तारेला आकार लागतो.

म्हणून पायांना लाटा हव्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोतल्या एका कारखान्याने तारेच्या मध्यावर उंचवटा काढलेल्या पिना विकून नाव कमावलं, ते याच जोरावर. तुमच्या आकड्यासाठी मी असं करेन: टोकाकडचे पावणेदोन-दोन सेंटिमीटर अगदी सरळ ठेवा, नाहीतर आत जाताना केस गोळा होतात. वरचा, फुलालगतचा सेंटिमीटरही सरळ. मधल्या भागात तीन लाटा, एका लाटेपासून दुसरी ८ ते १० मिलिमीटरवर, उंची दीड मिलिमीटरच्या आसपास. तीन मिलिमीटर उंचीच्या लाटा दिसायला भारी वाटतात, पण तसा आकडा घालताना दुखतो आणि काढताना केस तुटतात. दोन्ही पायांच्या लाटा समोरासमोर नकोत. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगटासमोर यावा, म्हणजे मधून जाणाऱ्या केसाला नागमोडी वळण मिळतं. लाटा काढायला लाकडाच्या ठोकळ्यावर खिळे ठोकून साचा करा. पकडीने एकेक लाट काढली तर पकडीच्या दातांचे व्रण तारेवर राहतात, आणि त्या व्रणांत केस अडकतो.

आता तार. पायाचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो. १८ गेजची तार १.२२ मिलिमीटर, १६ गेजची १.६३. फरक डोळ्याला जेमतेम दिसतो, पण ताठपणा तिपटीहून जास्त होतो. उलट तुम्ही तीच १८ गेजची तार ठेवून पाय ५ वरून ७ सेंटिमीटर केलेत, तर ताठपणा एक-तृतीयांशाच्या थोडाच वर उरतो. म्हणून नुसते पाय लांब केलेले आकडे अधिकच लुळे पडतात आणि करणारीला वाटतं, लांबीचा उपयोगच नाही. पाय ७ सेंटिमीटर आणि तार १६ गेज असं दोन्ही एकदम केलं तर ताठपणा आजच्याहून किंचित जास्त राहतो, आणि लांबीचा फायदा पूर्ण मिळतो. स्टेनलेसची स्प्रिंग तार मिळाली तर १७ गेज पुरते, कारण पोलाद पितळेच्या जवळपास दुप्पट ताठ असतं. दुकानात मात्र ‘हार्ड’ तारच मागा. मऊ स्टेनलेस तार बांधायच्या कामाची असते. बोटाने वाकवली की वाकलेलीच राहते.

वाकून तशीच राहणं, हेच तुमच्या आकड्याचं मूळ दुखणं. पितळेची तार भोकांच्या पट्टीतून ओढून बारीक करतात तेव्हा ती कडक होत जाते. तुम्ही विकत आणता ती तार चांगली कडक असणार. मग तुम्ही तिचा यू करता, वर फूल ठेवता, टाकणखार लावून चांदीच्या सोल्डरने झाळता. ते सोल्डर वितळायला ६०० अंशांच्या वर ताव लागतो, आणि पितळ त्याआधीच मऊ झालेलं असतं. सगळ्यात मऊ होतो तो वरचा बाक आणि पायांचा सुरुवातीचा भाग, नेमका जिथे सगळा जोर येतो तिथेच. मऊ झालेली तार पहिल्यापेक्षा सहज वाकते असं नाही; थोड्या जोराला ती पूर्वीइतकीच वाकते. फरक इतकाच की ती परत येत नाही. प्रत्येक वेळी मान हलली की पाय केसभर फाकतात आणि तसेच राहतात. दुपारपर्यंत दोन पायांत एवढी जागा होते की केसांचा दाबच उरत नाही.

खात्री करायची तर तुमचा एक जुना आकडा घ्या, पाय बोटांनी एक सेंटिमीटर फाकवा आणि सोडा. मग झाळायच्या आधीचा, नुसता वाकवलेला यू घेऊन तेच करा. दोघांत काय फरक पडतो ते लगेच दिसेल.

उपाय तीन आहेत. पहिला, झाळून झाल्यावर तार पुन्हा कडक करायची: पाय ऐरणीवर ठेवून गुळगुळीत हातोडीने हलके चपटे करायचे, वरचा बाकही. चपटा पाय केसांत फिरतही नाही, हा वर फायदा. पण फूल लागलेलं असताना बाकाशी हातोडी पोचत नाही, आणि नेमका तोच भाग मऊ राहतो. दुसरा, कथलाचं साधं सोल्डर वापरायचं. ते १८०-१९० अंशांच्या आसपास वितळतं, तेवढ्याने पितळ मऊ होत नाही. पण हा सांधा कमजोर असतो, आणि शिशाचं सोल्डर डोक्याला लागणाऱ्या वस्तूत मी वापरत नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यात पटतो. फुलाच्या पाठीला पितळेच्या बारीक नळीचा एक सेंटिमीटरचा तुकडा आडवा झाळा. फूल साफ करा, पॉलिश करा, सोन्याचं पाणी चढवायचं तर तेही करून घ्या. सगळं गार झाल्यावर सरळ, कडक तार नळीतून ओवा आणि मग तिचे दोन्ही पाय खाली वाकवा. तारेला आच लागतच नाही. वरचा बाक गोल न राहता चौकोनी होतो, पण फुलामागे तो दिसतो कुणाला? पोलादी तार वापरायचा मार्गही यामुळे मोकळा होतो, कारण लाल होईपर्यंत तापवली तर ती तारही स्प्रिंग गमावते. एक जपा: जास्त कार्बनच्या काळ्या स्प्रिंग तारेला स्वतंत्रपणे पाणी चढवून घेऊ नका. मुलाम्याच्या हौदात हायड्रोजन तारेत शिरतो आणि तार ठिसूळ होऊन एखाद्या दिवशी काडीसारखी मोडते. मुलामा दिल्यावर लगेच भट्टीत काही तास तापवून तो घालवता येतो, पण एवढं कुणी करून देत नाही. स्टेनलेस बरी.

आता ही नळी कशी ठेवायची त्यावर तुमच्या फुलाचं गणित अवलंबून आहे. फूल १४ ग्रॅमचं, आणि पाकळ्या पुढे उमललेल्या असल्यामुळे त्याचं वजन डोक्यापासून समजा अडीच सेंटिमीटर बाहेर आहे. ते वजन आकड्याला सतत खाली फिरवू पाहतं, आणि ५ सेंटिमीटरच्या पायाला ते तोलून धरावं लागतं. तेच फूल ९ ग्रॅमचं केलं, वजन डोक्यापासून एक सेंटिमीटरवर आणलं आणि पाय ७ सेंटिमीटरचे केले, तर पायाच्या टोकाशी येणारा भार पाचव्या हिश्श्यावर येतो. वजन कमी करायला पत्रा पातळ घ्या. २४ गेजऐवजी २८ गेज घेतला की वजन एकदम दोन-तृतीयांशावर येतं, आणि पाकळ्या साच्यात दाबून खोलगट केल्या की पातळ पत्राही चेपत नाही. आपल्याकडच्या जुन्या अंबाड्यावरच्या फुलांकडे नीट पाहा. ती भरगच्च दिसतात, पण हातात घेतली की पत्रा किती पातळ आणि फूल किती बसकं आहे ते कळतं.

फूल लहान असेल, साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत, तर नळी पकडीने दाबून तारेवर घट्ट बसवा, म्हणजे फूल हलणार नाही. तार नळीच्या जागी आधी थोडी चपटी करून घेतली तर ते फिरतही नाही. नळी फुलाच्या मध्यावर लावू नका, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात लावा. मध्यावर लावलेलं फूल पुढे मान टाकतं. पण फूल मोठं असेल तर नळी सैलच राहू द्या. तिची बिजागरी होते. आकडा अंबाड्यात वरून खाली खोवला की फूल त्या बिजागरीवरून खाली येऊन अंबाड्यावर टेकतं. आकड्यावर फक्त फुलाचं वजन येतं, त्याचा पिरगाळा येत नाही, आणि आकड्याला उखडणारा असतो तो पिरगाळाच. शिवाय घालताना फूल मागे दुमडता येतं. घट्ट बसवलेलं मोठं फूल हाताआड येतं, मग बाई आकडा अर्धवटच खोवते, आणि अर्धवट खोवलेला आकडा कितीही चांगला केला तरी सुटतो.

घालायची पद्धत गिऱ्हाइकाला दाखवणं हा आपल्या कामाचाच भाग आहे. अंबाड्यात सरळ खुपसायचा नसतो. आधी टोकं अंबाड्याच्या मध्यापासून उलट दिशेला ठेवून कडेचे थोडे केस टोकांवर घ्यायचे, टोकं डोक्याला हलकेच टेकवायची, मग आकडा पालथा करायचा आणि डोक्यालगतचे केस उचलत मध्याकडे ढकलायचा. शेवटचा सेंटिमीटर ढकलताना जोर लागला पाहिजे. सहज गेला तर केस उचललेच गेले नाहीत असं समजा. माझ्या दुकानात आरसा दोन बाजूंनी लावलाय तो याचसाठी. ‘ताई, हे तर कुणी सांगितलंच नव्हतं’, असं बायका म्हणतात, आणि खरंच कुणी सांगितलेलं नसतं.

आकडा पालथा करायचा म्हटल्यावर पायांना बाकही हवा. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे त्रिज्या पावणेनऊ सेंटिमीटर. पाय त्याच बाकाचे करा. साडेसतरा सेंटिमीटर व्यासाचं पातेलं शोधून त्याच्या काठावर तार दाबून घेतली तरी चालतं. सरळ पायांची टोकं डोक्यात टोचतात, मग बाई आकडा थोडा बाहेर ओढते आणि तिथून सगळं सैल होतं. फूल बाकाच्या फुगीर अंगाला यावं, हे वाकवताना लक्षात ठेवा. दोन टोकांतलं अंतर मधल्या अंतरापेक्षा थोडं कमी ठेवा, आणि एक पाय दोन-तीन मिलिमीटर लांब असू द्या, म्हणजे अंदाजाने खोवताना पहिलं टोक वाट काढतं.

टोकांबद्दल मी फार हट्टी आहे. प्लॅस्टिकचे थेंब लावू नका. ते निघून जातात आणि खाली कापलेली तार उघडी पडते. कानशीने टोक गोल करा, मग बारीक पॉलिश पेपर, मग बफ. तपासायला पायातला जुना नायलॉनचा मोजा घ्या आणि आकड्याचं टोक त्यावरून सगळ्या दिशांनी ओढा. कुठेही धागा धरला तर तिथे केसही धरणार. बाकी पायाच्या मधल्या भागाला आरशासारखी चकाकी नको. ६०० नंबरच्या पेपरचा मंदपणा पुरे.

जर्मन सिल्व्हरचं फूल चालेल, पण त्याचे पाय कधी करू नका. त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि घामाने निकेल काही जणींच्या कातडीला खाज आणतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात डोक्याला किती घाम येतो ते सांगायला नको. पितळेच्या पायांना अमोनियाचं वावडं आहे: ताणाखालचं कडक पितळ अमोनियाने तडकतं. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यालगत ठेवलेली पितळी काडतुसं अशीच तडकत. म्हणून केसांना अमोनियाचा रंग लावल्याच्या दिवशी पितळी आकडा घालू नये, एवढी सूचना डबीवर छापा.

आपल्या हवेचाही विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की धुतलेले केस भुरभुर उडतात आणि अंबाड्याचा पीळ धरत नाही. पावसाळ्यात केस पाणी पिऊन जाड होतात, ओल्याने घर्षणही वाढतं, आणि तोच आकडा घट्ट बसतो. म्हणून तुमचा नमुना जुलैत पास झाला तर त्यावर विसंबू नका, मे महिन्यात पाहा. सीरम लावलेल्या केसांवरही पाहा, कारण हल्ली लग्नात तेच असतं. सीताबर्डीच्या बाजारातून स्टोल बांधून गाडीवर येणाऱ्या मुलींसाठी फूल नसलेला, चपटा, खाली मानेलगत बसणारा आकडा वेगळाच करावा लागतो. हेल्मेटखाली फुलाचा आकडा टिकवायच्या भानगडीत पडू नका.

फारच बारीक, रेशमी केस असतील तर मात्र यू आकडा एकटा पुरत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. तिथे मी पिळाची पिन देते, स्प्रिंगसारखी वळलेली, फिरवून आत घालायची. केस सरळ ओढतात, फिरवत नाहीत, त्यामुळे ती आपोआप उलट फिरून बाहेर येत नाही. अशा दोन पिना समोरासमोर घातल्या की बारीक केसांचा अंबाडाही बसतो, आणि मग फुलाचा आकडा नुसता शोभेला लावायचा.

तपासणीसाठी खऱ्या केसांचं गंगावन विकत घ्या. नायलॉनचं नको, त्याला खवले नसतात, त्यावर लावलेला आकडा काहीच सांगत नाही. मोज्यात कापूस भरून गोळा करा, त्यावर गंगावनाचा अंबाडा घाला, आकडा खोवा आणि बॅग तोलायच्या हुकाच्या काट्याने हळूहळू ओढा. किती ग्रॅमला सुटतो ते वहीत लिहा. जुना आकडा, नुसत्या लाटा दिलेला, आणि नळीचा, असे तिन्ही त्याच गंगावनावर एकामागून एक लावा. प्रत्येक वेळी अंबाडा सोडून नव्याने घाला. मग गोळा हातात घेऊन जोरात झटका आणि पुन्हा मोजा. झटक्यानंतरचं मापच खरं, कारण लग्नात बाई नाचते.

आज हातात असलेला माल फेकू नका. त्यांचे पाय चपटे करून, लाटा देऊन, ते गजऱ्यासाठी विका. गजरा दोन आकड्यांवर विभागून बसतो आणि सुकत जाईल तसा हलका होतो, त्यामुळे त्याला मऊ बाकाचा आकडाही संध्याकाळपर्यंत पुरतो. नव्या आकड्याची पहिली खेप १६ गेजच्या कडक पितळी तारेत, ७ सेंटिमीटरच्या पायांची, सैल नळीच्या फुलाची करा. पाय फाकवून सोडल्यावर पूर्ण परत येत नसतील तर फूल लावायच्या आधीच ती तार बाजूला काढा.